पगारी मावसबहीण

पल्लवीला पोह्यांची शिसारी बसली ती साताऱ्यात. आधी तसं काही नव्हतं. आटपाडीकडच्या मळ्यात वाढलेली पोरगी, शिळी भाकरी नि ठेचा खाऊन शाळा केलेली. तिला पोहे म्हणजे पाहुण्यांचं खाणं वाटायचं. पण साताऱ्यातल्या एका वधूवर सूचक केंद्रात नोकरी लागली आणि घरोघरचे पोहे नशिबी आले. वर खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड, आणि मान खाली घालून ताटली पुढं धरणारी एक पोरगी. तो वास आला की पल्लवी तोंडानं श्वास घ्यायची. तरी खावं लागायचं, कारण मुलाकडच्यांनी पोहे टाकले की मुलीकडच्यांच्या काळजात धस्स होतं, आणि पल्लवी मुलाकडची होती. म्हणजे पगारापुरती होती.

आता मानसशास्त्रात एम. ए. झालेली पोरगी या ताटलीपाशी कशी पोचली, ते सांगायला पाहिजे. तिचे वडील बिराप्पा. त्यांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, यांनी डाळिंब लावलं आणि पोरीला सांगलीला शिकायला ठेवलं. पारावर कुणी विचारलं, "बिराप्पा, पोरगी काय शिकती रं?" तर हे छाती काढून सांगायचे, "डाक्टर हाय, पर गोळ्या न देणारी."

"मग काय देती?"

"ऐकून घेती."

पार खो खो हसायचा. "ऐकून घ्यायला पैसं कोण देतंय गड्या? आमची बायको फुकटात ऐकती."

ती बायको ऐकायची का नुसती गप बसायची, हे त्या पाराला कधी कळलं नाही. पण पैशाचं त्यांचं म्हणणं खोटं कुठं होतं? कॉलेजातले सर सांगायचे, या विषयाला मरण नाही. दवाखाने, शाळा, कारखाने, लष्कर, जिथं माणूस तिथं काम! माणसं होती, काम ढीगभर होतं, पगार तेवढा नव्हता. मिरजेतल्या एका दवाखान्यात ती समुपदेशक म्हणून लागली. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "आधी पेशंटचे नंबर लावायला शिका." मग तिनं नंबर लावले, आणि रडत बाहेर येणाऱ्या बायकांना पाणी दिलं. त्याचे महिन्याला आठ हजार. तिथनं सुटून सांगलीतल्या एका इंग्रजी शाळेत गेली. तिथं मुलांच्या मनाची काळजी घ्यायची म्हणजे फी थकलेल्या आईबापांना फोन करायचे. "तुमचा आवाज शांत आहे, लोक चिडत नाहीत," मुख्याध्यापिका कौतुकानं म्हणाली. जळलं ते कौतुक! स्वतःचा दवाखाना टाकायचा तर अजून दोन वर्षं शिकून परवाना मिळवायला हवा होता, आणि त्या शिक्षणाची फी बापाकडं मागायची नाही असं तिनं ठरवलेलं. ती फी तिला स्वतः मिळवायची होती.

आणि तेवढ्यात त्या वधूवर केंद्राचे मालक लालासाहेब भेटले. परीटघडीचा पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, तोंडात कायम वेलदोडा. सातारा-सांगलीतली निम्मी लग्नं आपणच जुळवली असं सांगणारा माणूस.

"मॅडम, पूर्वी घराणं बघायचे. मग पत्रिका बघायला लागले. आता कोर्टाच्या तारखा बघायला लागलेत. का? डोकी जुळत नाहीत. तुम्ही डोकी बघा, पगाराचं मी बघतो."

पगार बावीस हजार. पल्लवीला वाटलं, चला, देव पावला. लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांना समोर बसवून बोलतं करायचं, यापरतं चांगलं काम कुठलं? लालासाहेबांनी तिला खोली दाखवली. दारावर "समुपदेशन कक्ष" अशी पाटी, आत टेबल, तीन खुर्च्या. त्या खुर्च्यांवर कधी कुणी बसलं नाही. त्यांच्यावर आहेराच्या फेट्यांची खोकी रचून ठेवली, ती तशीच राहिली.

खरं काम वेगळं होतं. मुलगी बघायचा कार्यक्रम कसा चालतो, ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. पोहे होतात, चहा होतो, मग मुलाकडच्या बायका उठतात आणि पोरीला आतल्या खोलीत घेऊन बसतात. केस खरे का खोटे, चालते कशी, बोलते कशी, सगळं तिथं बघून घेतात. त्या बायकांत पल्लवीनं बसायचं. मुलाची मावसबहीण म्हणून.

"बायका केस बघतील, तुम्ही केसाखालचं बघा," लालासाहेब म्हणाले. "पोरगी तापट हाय का, कुठं गुंतलीय का, नवऱ्याला घेऊन वेगळं निघंल का. पोरी तुमच्यापाशी बोलतील. गाडीत परत येताना मला तोंडी सांगायचं, बास."

"आणि मुलाला कोण बघणार?"

"मुलाला काय बघायचंय? नोकरी हाय, जमीन हाय." लालासाहेबांना प्रश्नच कळला नाही. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "अजून एक. नाव पल्लवी सांगा, छान हाय. वडलांचं नाव नको. बिराप्पा म्हटलं की समोरचा वळखणार, ह्या मराठ्यांच्या घरात धनगराची मावसबहीण कुठनं आली? आडनाव विचारलं तर नुसतं हसायचं."

पल्लवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठून जावं असं मनात आलं, आणि मनात फी पण आली. त्या दिवशी तिनं आपला बाप गिळला आणि वर चहा प्याली.

तिला ते काम जमलं, हेच वाईट झालं. कराड, वाई, पलूस, जिथं जाईल तिथं पोरी तिच्यापाशी बोलायच्या. बाकीच्या बायका वेणी ओढून बघायच्या. ही नुसती शेजारी बसून एखादा साधा प्रश्न विचारायची, आणि पोरगी भडाभडा बोलायला लागायची. कॉलेजात याला कौशल्य म्हणत होते. परतीच्या गाडीत ते कौशल्य लालासाहेबांच्या पुढ्यात ओतताना पल्लवीला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. खोलीवर आली की ती साबण लावून लावून हात धुवायची, आणि मग स्वतःचीच समजूत काढायची. मी काय चहाडी करते? मी तर काळजीनं सांगते.

आणि सांगायची पण तशीच. उंब्रजच्या प्रियदर्शनीबद्दल ती म्हणाली होती, "ही मुलगी स्वतःचं दुखणं कुणाला सांगत नाही. सोसत राहील आणि आतल्या आत खचेल. हिला समजून घेणारं घर बघा, कडक घरात देऊ नका."

"म्हणजे सोशिक," लालासाहेब म्हणाले.

"सोशिक नाही हो. ही धोक्याची खूण आहे."

"तेच की वो, तेच." आणि त्यांनी वेलदोडा या गालातून त्या गालात घेतला.

अशा बऱ्याच पोरींबद्दल तिनं असा इशारा दिला. पुढं त्यांचं काय झालं ते लालासाहेब सांगायचे नाहीत, आणि खरं बोलायचं तर पल्लवीही विचारायची नाही. इशारा दिला, आपलं कर्तव्य झालं, असं ती धरून चालली. माणसाला झोप लागायला एवढं पुरतं.

मग लोणंदची शिवांजली आली.

लोणंदच्या बाजारात सयाजीरावांची कांद्याची अडत. त्यांची ही एकुलती एक लेक. मुलगा साताऱ्याजवळच्या गावचा वीरधवल, फौजेतला, सुट्टीवर आलेला. बघायच्या कार्यक्रमात मुलाकडच्या बायका पोरीची उंची मोजण्यात दंग होत्या, तेवढ्यात चहाचा ट्रे कलंडला आणि कढत चहा शिवांजलीच्या मनगटावर सांडला. पोरगी हसली. ट्रे सरळ केला, कप पुसले, पुन्हा हसली. आतल्या खोलीत बाकीच्या बायका दागिने बघायला सयाजीरावांच्या बहिणीकडं वळल्या तशी पल्लवी तिच्या शेजारी सरकली.

"भाजलं ना?"

"नाही. काही नाही झालं."

"लाल झालंय, शिवांजली."

पोरीनं मनगटाकडं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. मग एकदम बोलायला लागली. आई गेल्यापासून घरात आईचं नाव कुणी काढत नाही, म्हणाली. हिनं काढलं की अण्णा उठून बाहेर जातात, कांद्याच्या वखारीत जाऊन बसतात. म्हणून हिनं नाव काढायचं सोडलं. मग रडायचं सोडलं. मग दुखलं-खुपलं सांगायचंच सोडलं, कारण सांगायचं कुणाला? हे सगळं ती खालच्या आवाजात, एका दमात बोलली. बोलून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि पल्लवीचा हात धरला.

"ताई, हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते. तुम्ही त्या घरातल्या आहात ना? मग मला भीती नाही. अण्णांना सांगते, स्थळ पसंत आहे."

पल्लवीच्या घशात पोहे आले. मी त्या घरातली नाही, हे शब्द जिभेवर होते. तेवढ्यात बायका वळल्या, दागिन्यांचा डबा बंद झाला, आणि शब्द राहून गेले. गाडीत तिनं लालासाहेबांना नेहमीचंच सांगितलं. सांगत नाही, सोसत राहील, फार जपावं लागेल. लालासाहेब खूष झाले. एवढे का खूष झाले, ते तिला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते सुपारीच्या दिवशी. सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग मागं फिरणं नाही. दुपारी लोणंदला बैठक होती, आणि मुलाच्या आईनं, बनुबाईंनी, हट्ट धरला की मावसबहीण पाहिजेच, पोरीला तिचा लळा लागलाय. म्हणून लालासाहेबांनी पल्लवीला सकाळीच मुलाच्या घरी पाठवलं. बायकांच्या गाडीतनं पुढं जायचं होतं.

घरात गडबड होती. बनुबाई जावा-नणंदांना साड्या नेसवत होत्या, स्वयंपाकघरात कुकर लावलेला. वीरधवल पुढच्या खोलीत, सोप्यात, आरशासमोर फेटा बांधायला बसला होता. देखणा, उंच, मान ताठ. कुकरची शिट्टी झाली.

वीरधवल आरशासमोरनं नाहीसा झाला. पल्लवीनं बघितलं तर तो पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत होता, गुडघ्यावर, दोन्ही हात डोक्यावर. निम्मा फेटा जमिनीवर सुटून पडलेला. त्याचा श्वास अख्ख्या सोप्यात ऐकू येत होता. घरातलं कुणी दचकलं नाही. एका म्हातारीनं फेटा उचलला, झटकला आणि पलंगावर ठेवला. बनुबाई आतनं ओरडल्या, "शिट्ट्या काढून ठिवा म्हटलं हुतं ना गं!"

"काय झालं यांना?" पल्लवीनं विचारलं.

"काय न्हाई. जरा खटका बसलाय. बार्डरवरनं आल्यापासनं रातचं वरडत उठतंय. मागं झोपंत बापाचा गळा धरला हुता, दोघा-तिघांनी सोडवला." बनुबाई निऱ्या करता करता सांगत होत्या, जसं म्हैस आटली म्हणून सांगावं. "सकाळी इचारलं तर त्येला कायबी याद न्हाई. लेकरू वाईट न्हाई वो."

"दाखवलं का कुणाला?"

"दाखवायला येडं हाय का त्ये? नोकरी जाईल ना! लगीन झालं की बसंल जाग्याव. म्हणून तर लालासाबास्नी सांगितलं हुतं, तोंड उघडणारी पोरगी नगं. रातच्याला काय झालं तर सकाळी माह्यारी फोन करणारी नगं. पयल्या चार पोरी मीच नगं म्हटल्या, लय बोलत हुत्या. ही तुमी काढून दिली, बेस झालं." त्यांनी पल्लवीच्या पाठीवर मायेनं हात फिरवला. "उंब्रजची प्रियदर्शनी पण तुमीच तपासलेली नव्हं? माझ्या भावाची सून हाय ती. सोनं हाय, सोनं! भाचा पिऊन येतो, हात उचलतो, पर पोरगी हूं का चूं न्हाई. शेजारच्याला पत्त्या न्हाई. तुमचा शेरा म्हंजी शेरा."

पल्लवीला आपले सगळे इशारे एकेक करून आठवले. दुखणं सांगत नाही. सोसत राहील. कडक घरात देऊ नका. ती धोक्याची पाटी लावत होती, आणि लालासाहेब तीच पाटी दुकानावर लावून माल विकत होते. ज्या घरात पोरगी देऊ नये, त्याच घरांना नेमक्या त्याच पोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या पोरी निवडून द्यायला मानसशास्त्रातली एम. ए. ठेवली होती यांनी! आणि ठेवली म्हणजे काय, ती राहिली होती. बावीस हजारांवर.

गाडीत तिला दोन बायकांच्या मधे बसवलं. साड्यांचा, अत्तराचा, घामाचा वास. बायका गाणी म्हणत होत्या, चिमटे काढत होत्या, "मावसबहीण गप का गं?" म्हणत होत्या. पल्लवीनं लालासाहेबांना फोन लावला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ही सुपारी थांबवा. मुलाला उपचारांची गरज आहे."

"मॅडम, उपचार करूया की. लग्नानंतर तुम्हीच करा," पलीकडनं आवाज आला. "आत्ता शुभकार्यात अपशकुन नको. आणि तुमच्या त्या पुढच्या शिक्षणाचं माझ्या डोक्यात हाय. हे स्थळ पार पडलं की निम्मी फी माझ्याकडनं."

तिनं फोन ठेवला. निम्मी फी. खोटं कशाला बोला, त्या दोन शब्दांनी तिचं मन गाडी एक वळण पुढं जाईपर्यंत डळमळलं. मग तिला स्वतःचीच घाण आली, इतकी की तिनं काच खाली केली आणि तोंड बाहेर काढलं.

लोणंदला अंगणात मांडव घातला होता. कांद्याच्या पोत्यांची थप्पी भिंतीशी सरकवून ताडपत्रीनं झाकलेली, तरी वास यायचा तो येतच होता. आल्या आल्या पोहे. बनुबाईंनी आपल्या हातानं पल्लवीला ताटली दिली, आणि सगळे बघत होते म्हणून तिनं ती संपवली. मग पुरुष मंडळी सतरंजीवर बसली, बायका ओसरीवर. मधे ताटात नारळ, विडा, सुपारी, अडकित्ता. देण्याघेण्याचं बोलणं झालं. दाराआड हिरवी साडी नेसून शिवांजली उभी होती. पल्लवी दिसली तशी तिचा चेहरा उजळला.

मुलीकडचे एक वयस्कर पाहुणे उदयसिंह मधे बसले होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "मंडळी, कुणाचं काय म्हणणं असंल तर सुपारी फुटायच्या आत बोला. मागनं कुरकुर नगं."

हे विचारायचं असतं आणि कुणी काही बोलायचं नसतं. अडकित्ता उचलला गेला, आणि ओसरीवरनं आवाज आला, "माझं म्हणणं आहे."

सगळ्या माना वळल्या. लालासाहेब अर्धवट उठले. बनुबाईंनी तिचा पदर ओढला. पल्लवी उभीच राहिली. आवाज तोच होता, शांत, ज्याच्यावर लोक चिडत नाहीत.

"मी मुलाची मावसबहीण नाही. मी लालासाहेबांकडं पगारावर आहे. मी मानसशास्त्र शिकलेय. तुमच्या पोरींशी गोड बोलून त्यांच्या मनातलं काढायचं आणि मुलाकडच्यांना सांगायचं, हे माझं काम. माझं नाव पल्लवी बिराप्पा. आटपाडीच्या धनगराची लेक आहे मी. हे घर तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून पसंत केलं असेल तर करू नका. पोरीला आत नेऊन तपासता, तसं या मुलालाही बसवा आणि विचारा, झोप लागते का."

आता इथं तुम्हाला वाटेल, मंडळींनी मुलाकडं बघितलं असेल. कसलं काय! पहिला आवाज कोपऱ्यातनं आला, "धनगराची? आन् आतल्या खोलीत बसवली हुती?" दुसरा म्हणाला, "आडनाव इचारलं न्हाई व्हय रं कुणी?" पोरीच्या जिवाचं राहिलं बाजूला, आत कोण बसलं होतं याचीच चर्चा पेटली. शी! पल्लवीला वाटलं, यांच्या तोंडावर थुंकावं.

बनुबाई किंचाळत होत्या, "खोटारडी हाय! पैसं खाल्लं असतील हिनं कुणाचं तरी!" आणि त्या गोंधळात वीरधवल उभा राहिला. हातात दिलेला नारळ त्यानं परत ताटात ठेवला.

"खोटं न्हाई," तो म्हणाला. "मला झोप लागत न्हाई. लागली तर मी काय करतो ते मला आठवत न्हाई. आई म्हणती लगीन झालं की बरं वाटंल." तो सयाजीरावांकडं वळला. "मला भ्या वाटतंय, मामा. तुमच्या पोरीला माझ्या हातनं काय झालं तर."

एवढ्या माणसांत खरं बोलणारा तोच निघाला, ज्याला काही विचारायचंच नाही असं ठरलं होतं. सयाजीराव पुढं वाकले, ताटातली सुपारी उचलली आणि खिशात टाकली.

"पोरा, आधी दवाखान्यात जा," ते म्हणाले. "सुपारी फुटणार न्हाई." आणि नेहमीसारखे उठून वखारीत निघून गेले.

मांडव रिकामा व्हायला वेळ लागला नाही. बनुबाईंनी जाता जाता पल्लवीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पल्लवी फाटकाबाहेर आली तर लालासाहेब गाडीला टेकून उभे. तिला वाटलं, आता हा शिव्या घालणार. तर गडी हसत होता.

"मॅडम, घाबरवलंत राव! पण त्यातनं वाट निघाली बघा. मुलीकडच्या दोघांनी आत्ताच नंबर घेतला माझा. म्हणतात, आमच्या पोरींसाठी पोरं तपासून द्या. आता दोन्हीकडनं काम! पगार वाढवतो. नाव पण तुमचं खरंच लावू, बिराप्पा-बिराप्पा."

पल्लवी गटारीपाशी वाकली आणि सगळे पोहे ओकली. लालासाहेब बूट सांभाळत मागं सरकले. "खोबरं खवट होतं वाटतं," असं पुटपुटत गाडीत बसले आणि गेले.

तोंड पुसून तिनं वर बघितलं तर समोर तांब्या. शिवांजली तांब्या घेऊन उभी होती. हिरवी साडी, कपाळाला कुंकू तसंच. दारी आलेलं माणूस ओकलं तर पाणी द्यायचं असतं, म्हणून आली होती. पल्लवीनं चूळ भरली, दोन घोट प्याली.

"शिवांजली, मला तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"मी आईचं बोलले, ते त्यांना सांगितलंत?"

पल्लवीनं मान खाली घातली. तेवढं पुरलं.

"गाडीत सांगितलंत? जाता जाता?" शिवांजलीनं विचारलं. रागानं नाही, नुसतं माहिती करून घ्यावी तसं. मग तिनं तांब्यासाठी हात पुढं केला. बांगड्या मागं सरकल्या आणि मनगटावर चहाचा डाग दिसला, काळपट, कडेनं साल सुटलेला. त्याला कुणी औषध लावलं नव्हतं.

"हात अजून दुखतो का गं?" पल्लवीनं विचारलं. तिच्या तोंडून ते आपसूक निघालं, शिकल्यासारखं नाही.

शिवांजलीनं बांगड्या पुढं ओढल्या. चहाचा ट्रे सरळ करताना हसली होती तशीच, अगदी तशीच हसली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही झालेलं." आणि तांब्या घेऊन आत गेली.